मधल्या फ्रेम्स

रविवार, २ मार्च २०२५

पोचले एकदाची! मंगळवेढ्याच्या स्टँडवर अण्णांनी बॅग एसटीत चढवून दिली आणि म्हणाले, सोलापूर म्हणजे काय अमेरिका न्हाय, दीड तासावर तर हाय, तोंड कशाला पाडतीस. तोंड पडलं होतं ते त्यांचंच. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान त्यांनी आज माझ्यासाठी बंद ठेवलं होतं. मी मात्र खिडकीत बसून वाटभर हसत होते. तेविसाव्या वर्षी पहिली नोकरी, तीही आवडीच्या कामाची. रडायचं कशाला?

खोली शुक्रवार पेठेत आहे, तानाबाईंच्या घरी, वरच्या मजल्यावर. तानाबाई साठीच्या, एकट्या राहतात. माहेर सांगोल्याकडचं, भाऊ अजून मेंढरं राखतात. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात माणसं एकतर कळपातली असतात नाहीतर चुकलेली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "कळपातली दिसतीस. ऱ्हा." मग नियम सांगितले. नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, घागरी माझ्या मी भरायच्या. चपला खाली काढायच्या. भाकरी लागली तर मागायची, लाजायचं नाही.

खोलीत लोखंडी कॉट, टेबल, एक खिडकी. समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत घातल्यात. ही दोनशे पानी वही स्टँडजवळ घेतली. आईला शब्द दिलाय, फोनवर थोडक्यात बोलेन आणि वहीत सविस्तर लिहीन.

सोमवार, ३ मार्च

स्टुडिओ नवी पेठेत, एका साड्यांच्या दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर. स्टुडिओ म्हणजे दोन खुर्च्या, एक कंप्युटर आणि एक भारी फोन. दिग्विजय सर आधी लग्नांची शूटिंग करायचे, आता पेठेतल्या दुकानांसाठी रील बनवतात. साडीचा पदर, चादरीची झटक, कुरत्यावर उडणारी ओढणी, सगळं स्लो-मोशनमध्ये. सर म्हणतात, गिऱ्हाईक कापड हातात घेऊन बघत नाही आता, फोनवर उडताना बघतं.

काम मला येतं असं वाटत होतं, पण सरांनी आज मुळापासून शिकवलं. साध्या व्हिडिओत सेकंदाला तीस चित्रं, स्लो-मोशनला दोनशे चाळीस. त्यामुळे उजेड लागतो, भरपूर. ट्यूबलाइटखाली घेतलं तर सगळं लपलप करतं, आपल्या डोळ्याला न दिसणारं लुकलुकणं फोनला दिसतं. म्हणून शूटिंग नेहमी गच्चीवर, भर उन्हात. आधी बोट दाबून फोकस बांधून टाकायचा, उजेड थोडा कमी करायचा, कोपर पोटाशी धरायचं आणि श्वास रोखायचा.

आणि एक ॲप आहे ऑफिसच्या फोनात. माझ्या आधी जोतिराम म्हणून होता, त्यानं कुठून तरी आणून बसवलेलं. ते दोन चित्रांच्या मधलं, म्हणजे जे कधी काढलंच नाही असं चित्र स्वतः तयार करतं. दोनाच्या मध्ये वीस, हवी तर चाळीस. अर्ध्या सेकंदाचा पदर मिनिटभर हवेत राहतो. कुठंही अडखळत नाही. मी बघतच बसले.

जोतिरामनं काम का सोडलं विचारलं, तर सर म्हणाले तब्येत.

कॅमेऱ्यासमोर सृष्टी असते. एकवीस वर्षांची, बारीक, डोळे मोठे. घरात तेलुगू, रस्त्यावर दखनी, आमच्याशी मराठी, आणि तिन्ही भाषा इतक्या जोरात बोलते की एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. तिची अम्मा विड्या वळते. सृष्टी म्हणाली, "माझ्या अम्माच्या बोटांचा स्लो-मोशन घे एकदा. साध्या डोळ्यांना दिसतच नाहीत की तिची बोटं."

शनिवार, ८ मार्च

पहिला मोठा हिट! जांभळी इरकल, पदर खांद्यावरून मागे टाकताना सृष्टी मान वळवून हसते. मूळ क्लिप दोन सेकंदांची. मी ती दोन मिनिटं दहा सेकंदांपर्यंत ताणली. हसू ओठांच्या कोपऱ्यात सुरू होतं आणि डोळ्यांपर्यंत पोचायला वीस सेकंद घेतं. दुकानदार खूश, दोन लाख लोकांनी बघितली. सर म्हणाले जोतिरामचा हात पण असा नव्हता.

संध्याकाळी सृष्टीनं मला चौपाड भागातल्या एका गाड्यावर भजी खायला नेलं. तिला स्वतःची क्लिप बघून हसू येत होतं. म्हणाली, "एवढं हळू मी आयुष्यात हसले नाय गं."

बुधवार, १९ मार्च

रंगपंचमी. गच्चीवर आम्ही तिघंच, तीन रंगांच्या पिशव्या, पाण्याची एक बादली. कोरडा रंग उन्हात स्लो-मोशनला इतका सुंदर दिसतो की मी सोळा क्लिप घेतल्या. सृष्टीच्या केसांतून गुलाबी ढग सुटतो आणि सुटतच राहतो.

शेवटी तिनं माझा फोन ओढून घेतला. म्हणाली नेहमी मीच का, आज तू. माझ्या तोंडावर पिवळा रंग फेकला आणि शूट केलं. मी ते ॲप परवाच माझ्या फोनात उतरवून घेतलंय, रात्री जेवायच्या आधी ती क्लिप ताणून आईला पाठवली. आई म्हणाली रंगात डोळे मिटायचे असतात, तू उघडे कसे ठेवलेस.

शुक्रवार, २१ मार्च

एक बारीकशी गोष्ट. सरांनी दुपारी काहीतरी विनोद केला, आम्ही हसलो, विषय बदलला, सर फोनवर बोलायला लागले. आणि मग सृष्टी हसली. तोच विनोद, आमच्यानंतर कितीतरी वेळानं. मला वाटलं मुद्दाम करतेय.

सोमवार, २४ मार्च

मुद्दाम करत नाही.

आज तिला हाक मारली तर तिनं मान वळवेपर्यंत मी दोनदा हाक मारली होती. चहाचा ग्लास पुढं केला, तिनं पकडायच्या आधी मी सोडला, फुटला. ती खाली बघत राहिली आणि मग, काचा गोळा करून झाल्यावर, दचकली. सर म्हणतात ऊन लागलंय, बेचाळीसवर गेलंय, साखर-मीठ-पाणी द्या.

मी तिला विचारलं, तुला बरं वाटत नाही का. ती म्हणाली, आणि एकेक शब्द जड होता, "मला काय नाय. तुम्हीच सगळे कुठं पळताय? किती चिवचिव करताय... मला नीट ऐकूच येत नाय."

बुधवार, २६ मार्च

नवी पेठेतून दोघी येत होतो. मागून रिक्षा हॉर्न देत आली, सगळे बाजूला झाले, सृष्टी झाली नाही. मी तिचा दंड धरून ओढलं. तिचा दंड ओढला गेला, पण पाऊल उचललंच नाही, खांब ओढावा तशी ती तिरपी झाली. रिक्षा तिच्या ओढणीला घासून गेली. रिक्षावाला शिव्या देत थांबला, लोक जमले. ती शांत. आम्ही जिना चढून वर आलो, तिला खुर्चीत बसवलं, पंखा लावला, पाणी आणलं, आणि तेव्हा ती जोरात ओरडली, "रिक्षा!"



शुक्रवार, २८ मार्च

सृष्टीच्या घरी जाऊन आले. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, रक्त तपासलं, काही सापडलं नाही. नाडी मिनिटाला एकोणीस. डॉक्टर म्हणाले मशीन बिघडलं असेल, दुसऱ्या मशीनवर बघितलं, तेवढीच.

अम्मा सुपात विड्यांची पानं घेऊन तिच्या शेजारी बसलेली. बोटं थांबत नव्हती, डोळ्यांतलं पाणीही थांबत नव्हतं. मला म्हणाली सकाळी हिच्या तोंडात इडलीचा घास घातला, तो दुपारी गिळला. मग अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत एकच विचारत राहिली, तुमच्याकडं कामाला येत होती तेव्हा चांगली होती ना? चांगली होती ना?



रविवार, ३० मार्च

पाडवा. तानाबाईंनी पुरणपोळी आणून ठेवलीय, तशीच झाकून आहे.

काल ऑफिसच्या फोनातल्या सृष्टीच्या सगळ्या क्लिप एकत्र मोजल्या. एकसष्ट. खरं शूटिंग साडेचार मिनिटांचं. ताणून झालेलं दोन तास सात मिनिटं. ते दोन तास ॲपनं बनवले असं मी समजत होते. पण तिच्या चेहऱ्यावरचं प्रत्येक हसू खरं दिसतं, पापणीचा प्रत्येक केस जागेवर असतो. एवढं सगळं ते आणतं कुठून? तिच्यातूनच ओढून घेत असणार. दुसरं काही सुचत नाही मला.

सगळ्या क्लिप परत मूळ वेगावर आणल्या. दुकानांच्या पानांवरून रील काढायला लावली. अम्माला फोन केला. काही फरक नाही.

मग सरांना सरळ विचारलं, जोतिरामला काय झालंय. म्हणाले तो पण असाच. दिवाळीपासून. आधी स्वतःच्याच क्लिप ताणून बघायचा. मला वाटलं घरचा काहीतरी आजार असेल, ॲपमुळे असेल असं मला खरंच वाटलं नाही, ऋतुजा, शपथ. मी ओरडले त्यांच्यावर. मग त्यांनी जोतिरामचा पत्ता लिहून दिला.

सोमवार, ३१ मार्च

जोतिराम होटगी रोडकडच्या एका चाळीत आईबरोबर राहतो. आई म्हणजे मुक्ताबाई, मोहोळकडच्या, नऊवारी नेसणाऱ्या. मी कोण, कुठून आले हे ऐकल्यावर त्यांनी आधी मला पाणी दिलं.

तो कॉटवर भिंतीला टेकून बसलाय. तिशीचा असेल. उजवा हात अर्धा उचललेला, तोंड किंचित उघडं. डोळ्याच्या कडेला पाण्याचा थेंब. मी तिथं होते तेवढ्या सगळ्या वेळात तो थेंब गालाच्या हाडापर्यंतसुद्धा आला नाही. छाती हलत नाही असं वाटतं, पण मुक्ताबाई म्हणाल्या हलते, सकाळी बघायची अन् सांजच्याला बघायची, मग कळतं.

"दिवाळीच्या फराळाला हाक मारली तवा 'आलो' म्हनाला," त्या म्हणाल्या. "ते 'आलो' माज्या कानावर दुसऱ्या दिशी सकाळी आलं, पोरी. तवापास्नं असाच."

पाण्याचं बोट ओठाला लावायचं, दिवसाला दोन-चारदा. तेवढं त्याला पुरतं.

दोरीवर सहावारी साड्या वाळत होत्या, नव्या, फुलाफुलांच्या. मी सहज विचारलं, सूनबाई कुठं आहेत. मुक्ताबाई गोंधळल्या. म्हणाल्या लेकाचं लगीन झाल्यालं न्हाय अजून. साड्या कुणाच्या म्हाईत न्हाय, पेटीत घावल्या, वास येऊ न्हाय म्हनून ऊन दावते.

मग त्यांनी मला त्याच्या तोंडाजवळ कान लावायला सांगितलं. आत गुणगुण येत होती, विजेच्या डीपीजवळ उभं राहिल्यावर येते तशी. "कायतरी सांगतोय तो. म्हैना झाला. कुनाला कळंना."

मला काय करायचं ते लगेच कळलं. हे तर माझंच काम. फोन त्याच्या ओठांजवळ ठेवला आणि सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत आवाज रेकॉर्ड केला.

मंगळवार, १ एप्रिल

वेग वाढवला. सोळा पट. पुन्हा सोळा पट. पुन्हा. आणखी एकदा. गुणगुणीचा आवाज झाला, आवाजाचा माणूस झाला. घाबरलेला, घाईत असलेला माणूस.

"पुसू न"

एवढंच. पुढं रेकॉर्डिंग संपलं.

पुसून टाक? की पुसू नको?

मी ते शंभरदा ऐकलं असेन. 'न' वर तो टेकत नाही, पुढच्या अक्षराकडे निघालाय एवढं कळतं. कुठल्या अक्षराकडे ते नाही.

बुधवार, २ एप्रिल

पुन्हा गेले. दिवसभर रेकॉर्डिंग, नुसता 'न'. तिथंच अडकलाय. पुढचं अक्षर यायला आठवडा लागेल की जास्त, सांगता येत नाही.

मुक्ताबाईंना समजावून सांगितलं. तोंड मोठं उघडलं, दात दिसायला लागले तर 'टा'. ओठ गोल व्हायला लागले तर 'को'. त्या म्हणाल्या, "टा म्हंजी मोठं, को म्हंजी गोल. माज्या लेकाच्या तोंडाकडं बघायचं मला शिकवू नगंस. फोन करते."

शनिवार, ५ एप्रिल

सृष्टीला दवाखान्यात हलवलं. श्वास मिनिटाला दोन. नर्स सारखी धावत येते, मशीन ओरडतं, मग सृष्टी श्वास घेते आणि सगळे पुन्हा बसतात. तिचे डोळे अम्माकडे वळतायत. सकाळपासून वळतायत. अम्मा उठून त्या नजरेच्या वाटेत जाऊन उभी राहिली, म्हणजे पोचेल तेव्हा मी दिसेन तिला.

मी बाहेर येऊन जिन्यात बसले.

सोमवार, ७ एप्रिल

तानाबाई विचारत होत्या काल जेवले का नाही. काल? काल मी फक्त खिडकीशी उभी होते, थोडा वेळ. चादरी बघत.

चहा केला, एक घोट घेतला. दुसऱ्या घोटाला गार. साय धरलेली.

गुरुवार, १० एप्रिल. सकाळी नऊ.

तानाबाई खालून काहीतरी म्हणाल्या. शब्द कळले नाहीत. चिमण्यांसारखं आलं, वर वर, बारीक

दुपारी पावणेदोन. वरची एवढी एकच ओळ लिहिली. ऊन टेबलावरून जमिनीवर गेलंय.

मला पण झालंय.

माझी एकच क्लिप आहे. रंगपंचमीची, पिवळा रंग. मीच ताणली. एकच, म्हणून हळूहळू. सृष्टीच्या एकसष्ट—

शुक्रवार, ११ एप्रिल

अण्णांचा फोन आला होता म्हणे. तेरा वेळा. मी उचलत होते, खरंच उचलत होते, हात निघाला होता

शनिवार, १२ एप्रिल. सकाळ.

सर आले होते. कागदावर लिहून बोललो, म्हणजे माझ्याकडून काही सुटत नाही. वाचायला मला जमतं.

डॉक्टर म्हणतात उद्या चार वाजता नळी घालून मशीनवर ठेवायचं. पण मशीन मिनिटाला बारा श्वास देणार. तिचं शरीर तेवढे घेईल का, कुणी सांगत नाही. एका डॉक्टरांनी अम्माला बाजूला घेऊन सांगितलं, छातीच फुटायची.

सरांचं म्हणणं पुसून टाकू. जोतिराम तेच सांगत असणार, दुसरं काय सांगेल माणूस? अम्मानं होकार दिलाय म्हणे. मी नाही म्हणाले. मग मी म्हणाले

(दुपार.) मी म्हणाले आधी माझी पुसते. मला काही झालं तर तुम्हाला कळेल. मी बरी झाले तर सृष्टीच्या पुसा.

सर रडले. नको म्हणाले. मग लिहिलं, तुझा निरोप यायलाच दिवस लागला तर? गप्प राहिलीस तर मी काय समजू?

खरं आहे ते.

ठरलं. उद्या दुपारी मी पुसणार. ऑफिसचा फोन सरांकडे, दवाखान्यात. वाईट झालं तर मी 'नको' पाठवायचं. चारपर्यंत काहीच आलं नाही तर ते सृष्टीच्या पुसणार. एकसष्टही.

मुक्ताबाईंचा फोन नाही अजून.

रविवार, १३ एप्रिल

तीन वाजलेत. सकाळपासून वाट बघितली. आता थांबता येत नाही.

क्लिप उघडली. मी दिसतेय, पिवळ्या ढगात, डोळे उघडे. पुसली. फोनातल्या कचऱ्याच्या डबीत गेली. तिथून पण पुसायची. फोन विचारतोय, कायमचं पुसायचं का.

हो.

तीन वाजून सहा मिनिटं. सुटले! सुटले मी! पेन पळतंय, बघा कसं पळतंय, बाहेर रिक्षाचा हॉर्न हॉर्नसारखा येतोय, खाली तानाबाई भांडी घासतायत तो आवाज भांड्यांचाच आहे, मी तीनदा टाळी वाजवून बघितली, लगेच वाजली. देवा. सृष्टी वाचणार. अम्मा, सृष्टी वाचणार. सरांना काही पाठवायची गरजच नाही, चार वाजता ते पुसतील. आधी अण्णांना फोन करते, मग सरळ दवाखाना.

तीन वाजून वीस. फोनवर मुक्ताबाईंचा आवाजी निरोप येऊन पडलाय. बोट चार-पाच वेळा दाबावं लागलं, स्क्रीन घेत नव्हती, घामानं असेल.

"पोरी, तोंड गोल झालंय. सकाळपास्नं व्हत व्हतं, आता चांगलंच गोल झालं बग. ओठ म्होरं आल्यात. को म्हनतोय त्यो. को म्हंजी काय गं? चांगलं का वंगाळ?"

नको.

पुसू नको.

त्यानं कुणालातरी पुसलं होतं. त्या साड्या तिच्या. सासूला सून आठवत नाही—

सरांना 'नको' पाठवते.

तीन सव्वीस. स्क्रीन माझं बोट घेत नाही. पुसलं, वाळवलं, दुसरं बोट, अंगठा, ओलं बोट. काही नाही. काचेवर माशी बसली तर ती घेते, माझं घेत नाही.

ओरडले. तानाबाई, तानाबाई. भांड्यांचा आवाज चालूच आहे.

खाली गेले. त्यांच्यासमोर उभी राहिले. हात धरला. त्यांनी हातावरची माशी उडवावी तसं केलं.

तीन पस्तीस. तानाबाई वर आल्यात. केरसुणी घेऊन. खोलीभर बघितलं, माझ्यातून बघितलं. स्वतःशीच म्हणाल्या, खोली किती दिस मोकळी ठेवायची, पाटी लावाय पायजे. माझी बॅग उचलून बघितली, कुनाची म्हणून. कोपऱ्यात ठेवली.

अण्णा पण? आई पण? आता, या घटकेला, मंगळवेढ्यात दोघं चहा पीत असतील आणि त्यांना मुलगी

नको. तो विचार नको. सृष्टी.

सरांना मी आठवत नसणार. मग ठरलेलं तरी आठवेल का? की मी तेवढी गळून पडेन आणि चार वाजता पुसायचं एवढंच राहील डोक्यात? तेच राहणार. फोन त्यांच्या हातात आहे.

पळत जाऊ? वीस मिनिटं लागतील. पोचले तरी काय, ऐकणार कोण—

पेन अजून धरता येतंय. हलकं लागतंय, पण धरता येतंय. वही त्यांना दिसते. आत्ताच झाडताना त्यांनी ती उचलून परत टेबलावर ठेवली.

तीन बेचाळीस. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात सरांचा नंबर लिहिलाय. वही सरकवत सरकवत टेबलाच्या कडेला आणली. पाडली. आवाज झाला! तानाबाईंनी वळून बघितलं. येतायत. उचलली. उघडीच धरलीय त्यांनी, मी त्यांच्या हातातल्या वहीवरच लिहितेय, अक्षरं त्यांच्या डोळ्यांसमोर उमटतायत, त्या बघतायत, तोंडावर हात गेलाय त्यांचा—

तानाबाई भिऊ नका. मी ऋतुजा. वर राहते. भूत नाही. वही टाकू नका. खाली पळा, शेवटच्या पानावरच्या नंबरवर फोन लावा, दिग्विजय सर म्हणून आहेत, चार वाजायच्या आत त्यांना एवढंच सांगा, सृष्टीच्या